आत्याचं गर्भाशय दालन

माझी आत्या तीस वर्षं आणि वर आठ महिने एकाच गर्भाशयात नोकरीला होती. हे वाक्य ऐकलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग दार कुठे आहे ते शोधतो. त्याला माझा इलाज नाही. आमच्या शहरातल्या विज्ञान केंद्रात पहिल्या मजल्यावर स्त्रीच्या गर्भाशयाची खोलीएवढी प्रतिकृती आहे, आणि ती चालवणं हे तिचं काम. मी त्याच केंद्राच्या कचेरीत टाइपिंग करते आणि सभांचं इतिवृत्त लिहिते, त्यामुळे जे सांगते आहे ते ऐकीव नाही.

लाकडी चौकटीवर प्लायवूड ठोकलेलं, आतून लाल मखमलीचं अस्तर. खाली गर्भाशयमुखाचं दार, तेही इतकं बुटकं की संचालकांनासुद्धा वाकूनच आत शिरावं लागतं. आत बाकांवर दहा माणसं बसतात. वर दोन्ही अंगांना हवेच्या नळकांड्यांपासून केलेल्या दोन बीजनलिका, त्यांच्या टोकांना स्पंजच्या झालरी, आणि झालरींपासून चार बोटं अंतर सोडून एकेक अंडाशय. या चार बोटांनी आत्याचं डोकं खाल्लं. येणारा प्रत्येक शहाणा सांगायचा, "बाई, तुमचं इथं सुटलंय हो." आमच्या वायरमनने तर एकदा चांगुलपणाने ते चिकटपट्टी लावून जोडूनच टाकलं. आत्याने पट्टी ओरबाडून काढली आणि त्याला सुनावलं, "सुटलेलं नाहीये, असंच असतं. तुझ्या घरीही असंच आहे." तो त्या दिवशी अर्धी रजा टाकून घरी गेला.

हे सगळं उभं केलं एका म्हाताऱ्या यंत्रकाराने. उद्घाटनाच्या वर्षीच तो वारला आणि मागे सोळा पानांची एक पुस्तिका ठेवून गेला. खरेपणाच्या बाबतीत माणूस हट्टी होता. रोज सकाळी आत्या भिंतीवरच्या तबकडीचा काटा एक घर पुढे सरकवायची. पहिल्या दिवशी अस्तर सुटून खाली यायचं आणि पाच दिवस हळूहळू गुंडाळलं जायचं. सहाव्यापासून मखमलीचे नवे पदर चढायला लागायचे. चौदाव्या दिवशी एका अंडाशयातून खडूच्या भुकटीचा दाबून केलेला गोळा बाहेर उडायचा, झालर त्याला झेलायची आणि तो नळीतून गडगडत निघायचा. डावीकडून की उजवीकडून, ते यंत्राच्या मर्जीवर. वाटेत तो एक खटका दाबायचा, आणि खटक्यापासून चौदा दिवसांनी अस्तर पुन्हा सुटायचं. गोळा स्वतः मात्र चोवीस तासांत नळीतच ढासळायचा. दुसऱ्या दिवशी आत्या लांब दांड्याच्या ब्रशने ती भुकटी काढायची. "या मापात खरं तर हा वाटाण्याएवढाच हवा," ती प्रत्येक घोळक्याला सांगायची, "पण मागच्यांना दिसत नाही म्हणून लिंबाएवढा केलाय. बाकी सगळं खरं."

चौदाव्या दिवशी गर्दी व्हायची. पहिल्या पाच दिवसांत मात्र शाळा सहली रद्द करायच्या. आधीच्या एका संचालकांनी तर त्या पाच दिवसांत दालन बंद ठेवायचा हुकूम काढून दारावर जाड पडदाही टांगला होता. आत्याने पडदा उतरवून धुतला, शिवला आणि त्याची बाकांना गाद्या केल्या. हुकूम अजून फायलीत आहे. फायलीत तो सुखी आहे.

केंद्राच्या फाटकाशी बसणारी भाजीवाली बाई हे यंत्र आपल्यासाठीच बसवलंय अशा समजुतीने दर महिन्याला तबकडी बघून जायची. एकदा ती तावातावाने वर आली. "तुमचं घड्याळ चुकतंय. माझी काल यायला हवी होती."

"यंत्राला ताप येत नाही, परीक्षा नसते, सासूही नाही," आत्या म्हणाली. "ते दर अठ्ठावीस दिवसांनी येणारच. तू माणूस आहेस. एकविसापासून पस्तिसापर्यंत कधीही आली तरी तुझी बरोबरच."

"मग हे कुणाचं बघून लावलंय?"

"कुणाचंच नाही. सगळ्यांचं मिळून."

भाजीवालीला ते पटलं नाही, पण दोन दिवसांनी ती खूश होऊन कोथिंबिरीची जुडी ठेवून गेली.

आता समोरचं दालन. तिथे पुरुषाचं यंत्र होतं, आणि त्याच यंत्रकाराने तेही खरं केलं होतं, हीच पंचाईत. अंडाशयात साठा असतो, वृषणात कारखाना. साठा गुपचूप पडून राहतो, कारखाना आवाज करतो. शेपटीवाले प्लास्टिकचे मणी ते यंत्र सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत ओकत असायचं. प्रत्येक मण्यावर तेवीस गुणसूत्रांच्या तेवीस रेघा, आत्याच्या गोळ्यावरही तेवीस रेघा. दोन्ही निम्मे-निम्मे, एकत्र आले तरच शेहेचाळीस. हे शिकवायला छान होतं, पण मणी जिन्यात, कचेरीत, संचालकांच्या बुटात सापडायला लागले. झाडूवाल्याच्या नाकी नऊ आले. त्याने बादल्या भरभरून मणी संचालकांच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि विचारलं, "एवढे लागतात कशाला? तिकडे तर महिन्याला एक." पुढे त्या यंत्राची मोटर जळाली, दालनाला कुलूप लागलं आणि ते अकरा महिने तसंच राहिलं. हे अकरा महिने लक्षात ठेवा, कारण पुढे केंद्राच्या समितीने ते ठेवले.

झालं असं, की एका चौदाव्या दिवशी गोळा आला नाही. तीस माणसं प्रतिकृतीभोवती माना वर करून उभी, आत्याने दांडा फिरवला, आतून खट् असा आवाज आला आणि संपलं. लोक थोडा वेळ थांबले आणि पैसे परत मागत खाली गेले. संचालक म्हणाले, "अडकला असेल कुठेतरी, येईल." पंधराव्या दिवशी वायरमन आत जाऊन बल्ब बदलून आला. नळीत गोळा दिसला नाही, असं त्याने सांगितलं. अठ्ठावीस दिवस भरले, काटा पुन्हा एकावर आला, आणि अस्तर सुटलं नाही. गच्च भरलेली मखमल तशीच लोंबत राहिली.

संचालकांनी पुस्तिका मागवली. पान बारा त्यांनी कचेरीत उभं राहून मोठ्याने वाचलं: "अस्तर न सुटल्यास गर्भधारणा झाली असे समजावे. दालन नऊ महिने बंद ठेवावे. आसपास आवाज करू नये. परिचालिकेची अन्य दालनात व्यवस्था करावी." पान तेरावर लिहिलं होतं की बाळाचं यंत्र वेगळं मिळेल, मागणीपत्र जोडावे.

"अभिनंदन, बाई," संचालक म्हणाले. गंमत करत नव्हते. हा माणूस पुस्तिकेबाहेर कधीच पडला नाही. आग लागली तर आगीचं पान काढेल आणि ते जळत असेल तर थांबेल.

आत्याचा चेहरा उतरला. अन्य दालन म्हणजे तळघरातलं खनिज दालन, हे सगळ्यांना माहीत होतं. तिथे काचेखाली दगड आहेत आणि ते दहा कोटी वर्षांपासून तसेच आहेत. तिच्या निवृत्तीला पाच वर्षं उरली होती, आणि खनिज दालनात गेलेलं माणूस परत वर आल्याचं कुणाला आठवत नाही. "तिथं काही होतच नाही गं," ती मला जिन्यात म्हणाली. "सकाळी जाऊन मी काय सांगायचं? आजही दगडच आहे?" तिला घाबरलेली मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला संचालकांच्या अंगावर ती पुस्तिका फेकावीशी वाटली.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी दाराशी कुणीतरी विणलेले पायमोजे ठेवून गेलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपटं. झाडूवाला चवड्यांवर चालायला लागला. तिकीट खिडकीवर लोक विचारायला लागले, मुलगा की मुलगी. आणि मग समितीच्या सभेत भूगोलाच्या निवृत्त मास्तरांनी बोट वर केलं. ते समितीचे सर्वांत जुने सदस्य आणि सर्वांत जास्त जागे असणारे.

"माझा एक साधा प्रश्न आहे," ते म्हणाले. "समोरचं दालन अकरा महिने बंद आहे. मग हे कुणाचं?"

सभेत शांतता पसरली. त्या शांततेत मी काय लिहिणार? "सभेत शांतता पसरली" असं लिहिलं.

इथून पुढे सगळं नेहमीच्या वाटेने गेलं. बाईच्या बाबतीत जे विचारतात ते प्लायवूडच्या बाबतीतही विचारलं गेलं, आणि प्लायवूड बोलत नसल्यामुळे आत्याला विचारलं गेलं. कोण आलं होतं? किती वेळ होतं? तुमचं लक्ष कुठे होतं? भेट देणाऱ्यांची वही मागवली गेली आणि तेराव्या दिवसापासून सोळाव्या दिवसापर्यंतची पुरुषांची नावं मास्तरांनी तांबड्या पेन्सिलने अधोरेखित केली. त्यात पंधराव्या दिवशीचा वायरमन एकटा, आतून दार लोटून घेतलेला, वीस मिनिटं.

त्याला आत बोलावलं. "साहेब, मी बल्ब बदलला," तो म्हणाला.

"एका बल्बला वीस मिनिटं?"

"होल्डर गंजला होता, साहेब. बाई, तुम्ही सांगा ना."

"होल्डर गंजलाच होता," आत्या म्हणाली. "मीच सांगितलं होतं बदलायला."

"बाई त्याची बाजू घेताहेत, याची नोंद घ्या," मास्तर मला म्हणाले. मी घेतली. दात ओठ खात घेतली. वायरमनची बायको चार दिवस माहेरी जाऊन राहिली, एवढं मात्र इतिवृत्तात नाही.

शेवटी डॉक्टरीणबाईंना बोलावायचं ठरलं. त्या सरकारी दवाखान्यात बायकांच्या डॉक्टर, तीस वर्षांत दहा हजार बाळंतपणं केलेल्या, आणि सहसा कशानेही न दचकणाऱ्या. बुटक्या दारातून वाकून आत शिरल्या, हाताने भिंत ठोकली, नळीत बॅटरी मारली, आणि बाहेर येऊन हात पुसले.

"प्लायवूड आहे," त्या म्हणाल्या.

"ते आम्हालाही माहीत आहे," संचालक म्हणाले. "महिना कितवा?"

डॉक्टरीणबाईंनी आत्याकडे बघितलं. आत्याने त्यांच्याकडे बघितलं. मग डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मला दोन दिवस द्या. बाईंनाही द्या. बारा नंबरचं पान वाचायच्या आधी अंडाशय उघडून बघितलं का कुणी?"

कुणीच बघितलं नव्हतं. पुस्तिकेत तसं पान नव्हतं.

त्याच संध्याकाळी आत्याने तीस वर्षांची रजिस्टरं आणि ती पुस्तिका घरी आणली. आम्ही एकाच घरात राहतो. वरच्या दोन खोल्या तिच्या, खालच्या आमच्या. दिवेलागणीला आम्ही दोघी जमिनीवर बसून गोळे मोजायला लागलो. दर चौदाव्या दिवशी तिच्या बारीक अक्षरातली एकच नोंद: डावीकडून, किंवा उजवीकडून. एका वर्षी तेरा, पुढच्या वर्षी तेरा. मध्येच ती थांबायची. "हा बघ, या दिवशी तुझा जन्म झाला. मी अर्ध्या दिवसाची रजा मागितली तर म्हणाले, आधी गोळा पाडून जा." शेवटच्या ओळीवर माझं बोट आलं तेव्हा आकडा चारशे झाला होता. बरोबर चारशे, एक कमी नाही, एक जास्त नाही.

आत्याने पुस्तिका उघडून पान तीन काढलं. ते कुणी वाचत नसे, कारण त्यावर करण्यासारखं काही नव्हतं. "गोळ्यांचा साठा यंत्र घडवतानाच भरला आहे. नंतर भर घालता येत नाही." आमच्याही बाबतीत तसंच असतं, हे ती रोज शाळेच्या मुलींना सांगत आली होती: जन्माला येतानाच सगळी बीजं घेऊन येतो आपण, त्यातली चारएकशे बाहेर पडतात, बाकीची आतच विरून जातात. रोज सांगायची. यंत्राचेही गोळे संपतील, मग खटका दाबला जाणार नाही आणि अस्तर सुटणार नाही, हे तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"मला तरी कळायला हवं होतं," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. मला वाटलं, नोकरी वाचली म्हणून.

सभेला ती दोन्ही अंडाशयांची झाकणं पिशवीत घालून घेऊन आली. टेबलावर ठेवली. आतल्या बाजूला खडूची पांढरी धूळ, बाकी काही नाही.

"बाई गरोदर नाही," ती म्हणाली. "बाईची पाळी गेलीय."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. दारात उभ्या असलेल्या वायरमनने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरची धूळ उडाली.

संचालक मात्र पुस्तिका चाळत होते. एक ते सोळा, मग उलटं सोळा ते एक. "पाळी गेल्याचं पान कुठे आहे?"

"नाहीये," आत्या म्हणाली.

"असं कसं? पाळी येते त्याची चार पानं आहेत, गरोदरपणाची दोन आहेत. यंत्रकाराने त्यापुढचं लिहिलंच नाही?"

"त्याला वाटलं असेल, त्यापुढे काही नसतंच."

संचालकांनी पुस्तिका मिटली. मोठ्या समजूतदारपणे मिटली, त्याचाच मला राग आला. "मग सरळ आहे. गोळा येत नाही, अस्तर सुटत नाही. यंत्र निकामी झालं. भंगारात काढू. बाई, तुमची खनिज दालनात सोय होईलच."

मी आत्याकडे बघितलं. मला वाटलं ती रडेल. ती उठून उभी राहिली.

"साहेब, माझी दोन वर्षांपूर्वी गेली," ती म्हणाली. "त्यानंतर मी एक दिवस रजा घेतली नाही. सकाळी अंगातून वाफा निघायच्या, घामाने भिजायचे, तरी त्या दारातून वाकून आत जात होते. मुलींना शिकवत होते. तुमच्यातल्या कुणाच्या लक्षात तरी आलं का? नाही आलं. कारण माझं काम थांबलं नव्हतं. आता मला सांगा, मी निकामी आहे का? असेन तर यंत्र आणि मी, दोघींनाही एकाच ट्रकमध्ये घाला."

संचालकांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझीही सहा वर्षांपूर्वी गेली. मागच्या आठवड्यात अकरा बाळंतपणं केली."

मास्तरांनी घसा खाकरला. त्यांच्या मनात काय चाललं होतं मला माहीत नाही. घरी बायको आहे, मुली आहेत. पण ते म्हणाले, "साहेब, एक मुद्दा आहे. निकामीचंही पान नाही. बंद करायचा नियम फक्त गर्भधारणेला. गर्भधारणा नाही, हे तर सिद्ध झालं. म्हणजे दालन बंद करता येत नाही."

संचालकांनी पुस्तिका पुन्हा उघडली, पुन्हा शोधलं आणि शेवटी हात टेकले. पुस्तिकेत नसलेली गोष्ट या माणसाला करताच येत नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं ते वैगुण्य आवडलं. ठराव झाला: दालन चालू ठेवावे, परिचालिका तीच राहील, आणि उरलेलं पान तिने स्वतः लिहावं. आत्या खाली बसली. तिने दोन्ही झाकणं पुन्हा पिशवीत भरली.

मी लिहीत होते. तिच्या बोलण्यापाशी आले आणि पेन थांबलं. "आत्या, तुझी पाळी गेल्याचं ते वाक्य इतिवृत्तात घ्यायचं का?" मी हळूच विचारलं.

"घे की," ती म्हणाली. "तारखेसकट घे."

तारीख मला माहीत नव्हती. आम्ही एका घरात राहतो, एकाच न्हाणीघरात अंघोळ करतो, माझी पाळी आली की गरम पाण्याची पिशवी मला तीच आणून देते. गेली दोन वर्षं ती हिवाळ्यात खिडक्या उघड्या टाकायची आणि मी तिच्यावर खेकसायचे, की आम्हाला थंडी वाजते, तुझं आपलं काहीतरीच. गर्भाशयाच्या अस्तराला सुरकुती पडली तरी त्याची नोंद व्हायची. हिची मी एकदाही विचारपूस केली नव्हती.

समितीचे सगळे माझ्याकडे बघत होते. मी त्या सगळ्यांसमोर माझ्या आत्याला विचारलं, "शेवटची कधी आली होती गं?"

"त्या दिवशी कुठे कळतं शेवटची आहे ते," ती म्हणाली. "वर्षभर वाट बघावी लागते." मग तिने तारीख सांगितली, आणि मी ती लिहून घेतली.